लहान मुलांचा हर्निया: दुर्बीण कोणासाठी, कधी आणि कुठे

लहान मुलाच्या जांघेतल्या हर्नियाचे मूळ स्नायूंच्या कमजोरीत शोधू नये. जन्माआधी मिटायला हवी होती अशी एक वाट उघडी राहून जाते, म्हणून तो होतो. गर्भात मुलाचे वृषण पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि साधारण सातव्या महिन्यापासून जांघेतील नलिकेतून अंडकोशात उतरतात. त्यांच्यासोबत पोटाच्या आतल्या अस्तराची एक लांबट पिशवीही खाली येते. वृषण जागेवर पोचले की ही पिशवी मिटते. ती मिटली नाही आणि तिचे तोंड अरुंद राहिले, तर पोटातले पाणी झिरपून अंडकोश फुगतो, म्हणजे हायड्रोसील होते. तोंड रुंद राहिले तर आतडेच खाली येते आणि तो हर्निया ठरतो. मुलींतही अशी वाट असते. त्यांच्या पिशवीत पुष्कळदा आतड्याऐवजी अंडाशय सापडते.

पूर्ण दिवसांच्या बाळांत हे प्रमाण शंभरात एक ते पाच असते. फार लवकर जन्मलेल्या, एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांत ते तीसपर्यंत जाते, कारण वाट मिटण्याचा काळ त्यांना गर्भात मिळालेलाच नसतो. मुलींपेक्षा मुलग्यांत हर्निया कितीतरी जास्त आढळतो. दहातल्या सहा मुलांत तो उजव्या बाजूला असतो. बाळ रडले, शौचाला कुंथले की जांघेत गाठ दिसते आणि निजले की नाहीशी होते. मराठवाड्यातली आई डॉक्टरांना हेच सांगते: लेकरू रडलं की गाठ येती, निजलं की जाती. या एका वाक्यात जवळजवळ पूर्ण निदान असते. दवाखान्यात नेमकी गाठ दिसत नाही तेव्हा आईने घरी मोबाइलवर काढलेला फोटो उपयोगी पडतो आणि आज बालशल्यचिकित्सक तो पुरावा म्हणून विश्वासाने स्वीकारतात.

मोठ्या माणसाच्या हर्नियाशी याची गल्लत केल्याने बरेच गैरसमज होतात. मोठ्या माणसात पोटाची भिंतच झिजलेली असते, त्यामुळे ती मजबूत करावी लागते. महाराष्ट्रातल्या शल्यचिकित्सकांनी त्यावर स्वतःचे मार्ग काढले आहेत. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून दाखवले. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीशिवाय रुग्णाच्याच स्नायुपटलाची पट्टी वापरण्याची पद्धत मांडली, ती आज देशाबाहेरही वापरली जाते. मुलाच्या बाबतीत यातले काहीच लागत नाही. त्याची भिंत धड असते. पिशवी तिच्या मानेशी, अगदी वर बांधून टाकली की काम संपते. वाढत्या शरीरात जाळी बसवण्याचा प्रश्नच येत नाही. बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी 1953 साली 3,874 मुलांचा अनुभव नोंदवला. साध्या बांधणीनंतर हर्निया परत येण्याचे प्रमाण त्यात अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विचार करताना हा आकडा डोळ्यांपुढे ठेवायला हवा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 31 मे 1990 रोजी डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले, तेव्हा पोटावरच्या वीतभर चिरेच्या जागी चार बारीक छिद्रे आली आणि रुग्णाचा फायदा कोणालाही दिसण्यासारखा होता. मुलाच्या हर्नियात मुळातली चीरच दीड-दोन सेंटिमीटरची असते. ती जांघेच्या घडीत जाते आणि वर्षभरात शोधावी लागते. शस्त्रक्रिया अर्ध्या-पाऊण तासात संपते आणि मूल संध्याकाळी घरी जाते. इतक्या चांगल्या जुन्या शस्त्रक्रियेशी दुर्बिणीची स्पर्धा आहे. त्यामुळे तिचे मोल व्रणाच्या लांबीवर ठरवणे चुकीचे आहे. ती आणखी काय देते हे पाहायला हवे.

दुर्बीण या विषयात आली ती टाके घालायला नव्हे, पाहायला. एका बाजूला हर्निया असलेल्या मुलाच्या दुसऱ्या बाजूलाही वाट उघडी आहे का, हा प्रश्न शल्यचिकित्सकांना जुन्या काळापासून छळत होता. विसाव्या शतकाच्या मध्याला कित्येक ठिकाणी दुसरी बाजूही सरसकट उघडून पाहत. 1990 नंतर पोटात बारीक दुर्बीण सारून ती बाजू आतून पाहता येऊ लागली. आतून एवढे स्पष्ट दिसते तर आतूनच बांधून का टाकू नये, हा पुढचा विचार होता. 1990च्या दशकात फ्रान्सचे मोंट्युपे, जर्मनीचे शियर यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी पोटात टाका घालून पिशवीचे तोंड बंद करण्याच्या पद्धती बसवल्या. मोंट्युपे, शियर आणि इटलीचे एस्पोझितो या तिघांच्या केंद्रांनी 2002 साली 933 दुरुस्त्यांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात हर्निया परत येण्याचे प्रमाण तीन टक्क्यांहून थोडे अधिक होते, म्हणजे ग्रॉस यांच्या आकड्याच्या कितीतरी पट. नव्या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी स्वतःच हा आकडा छापला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

पुढची सुधारणा अधिक साधेपणाच्या दिशेने झाली. जपानच्या ताकेहारा यांनी पोटात टाके घालण्याऐवजी कातडीवरून खास सुई आत नेऊन, पोटाच्या अस्तराबाहेरून दोरा फिरवून पिशवीचे तोंड आवळण्याची पद्धत काढली. 2006 साली त्यांनी 711 मुलांमधल्या 972 दुरुस्त्या नोंदवल्या आणि हर्निया परत येण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत आणले. त्याच वर्षी पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहराच्या पात्कोव्स्की यांनी हेच काम इंजेक्शनच्या साध्या 18 गेज सुईने होते हे दाखवले. बेंबीतून दुर्बीण आत जाते. जांघेवरच्या सुईएवढ्या छिद्रातून दोऱ्याचा फास आत जातो, आतल्या तोंडाभोवती अर्धा फेरा घेतो, दुसरा अर्धा फेरा दुसऱ्या बाजूने घालून दोरा त्याच छिद्रातून बाहेर ओढतात आणि गाठ कातडीखाली बसते. वीर्यवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या पडद्यावर मोठ्या दिसत असतात. सुई त्यांच्यावरून, अस्तराच्या अगदी लगत सरकवायची असते. सगळे कसब त्या अर्ध्या सेंटिमीटरच्या जागेत आहे. तिथे सुई खोल गेली तर वीर्यवाहिनी गाठीत अडकते. भीतीने मोठी जागा सोडली तर तोंड पुरते मिटत नाही आणि हर्निया किंवा हायड्रोसील परत येते.

खर्चाच्या दृष्टीने ही पद्धत मराठवाड्यासाठी मोलाची आहे. तिला महागडी एकदाच वापरायची उपकरणे लागत नाहीत. एक दुर्बीण, पडदा, वायू भरणारे यंत्र, सुई आणि न विरघळणारा दोरा एवढे पुरते. दुर्बीण ग्रामीण महाराष्ट्राला नवीनही नाही. स्त्रियांच्या नसबंदीसाठी ती कित्येक वर्षे तालुक्यांच्या शिबिरांत फिरत आली आहे. मात्र नसबंदीची दुर्बीण आणि तीन-चार किलोच्या बाळाच्या पोटात घालायची तीन किंवा पाच मिलिमीटरची दुर्बीण यांत मोठा फरक आहे आणि तो फरक यंत्रापेक्षा भुलीत जास्त आहे.

या चर्चेत भुलीला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरावा लागतो. त्याने श्वासपटल वर ढकलले जाते आणि वायू रक्तातही मिसळतो. म्हणून तान्ह्या बाळात दाब फार कमी, बहुधा सहा ते आठ मिलिमीटर पाऱ्याइतकाच ठेवतात. श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल द्यावी लागते आणि बाहेर पडणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर सतत लक्ष ठेवावे लागते. चिरेच्या शस्त्रक्रियेत तान्ह्या बाळाला पाठीत इंजेक्शन देऊन, जागे ठेवूनही काम करता येते. कमी दिवसांचे बाळ भुलीनंतर मध्येच श्वास थांबवते, हा धोका लक्षात घेतला तर अशा बाळासाठी हा पर्याय अनमोल ठरतो. भुलीचा मेंदूवर परिणाम होतो का, या पालकांच्या भीतीला मात्र चांगले उत्तर मिळाले आहे. सात देशांतल्या 28 रुग्णालयांत 722 तान्ह्या बाळांवर एक अभ्यास झाला. शस्त्रक्रिया हर्नियाचीच होती. निम्म्या बाळांना पूर्ण भूल दिली, निम्म्यांना पाठीतली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाच वर्षांच्या वयाला दोन्ही गटांच्या बुद्धीत फरक आढळला नाही. तासाभराच्या एका भुलीबद्दल पालकांनी धास्ती घेऊ नये.

वेदनेच्या बाबतीत दोन पद्धतींतले अंतर जाहिरातीत वाटते तेवढे मोठे नाही. हाँगकाँगच्या 2005 मधल्या तुलनेत दुर्बिणीच्या मुलांना वेदनाशामक कमी लागले. हेलसिंकीच्या 2009 मधल्या तुलनेत उलट दुर्बिणीला वेळ जास्त लागला आणि वेदनाही कमी झाल्या नाहीत. दोन्ही अभ्यास नीट आखलेले होते. म्हणजे एका बाजूचा साधा हर्निया असलेल्या मुलग्यात, सरावलेल्या हातांनी केलेल्या दोन्ही शस्त्रक्रिया जवळपास सारख्याच चांगल्या आहेत.

काही मुलांच्या बाबतीत मात्र दुर्बिणीचा फायदा खरा आणि भरीव आहे. पहिले उदाहरण चिरेच्या शस्त्रक्रियेनंतर हर्निया परत आलेल्या मुलाचे. जांघेत आधीचा व्रण असतो, वीर्यवाहिनी त्यात गुरफटलेली असते आणि पुन्हा तिथे चीर घेणे म्हणजे तिला धोक्यात घालणे असते. आतून गेले तर जागा कोरी मिळते. दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर एकाच बेंबीच्या छिद्रातून दोन्हींचे काम होते. मुलींमध्ये वीर्यवाहिनी नसल्याने दोरा पूर्ण फेरा घेतो, हर्निया परत येण्याची शक्यता आणखी घटते आणि अंडाशय, नलिका, गर्भाशय डोळ्यांनी पाहता येतात. दोन्ही बाजूंना हर्निया असलेल्या मुलीत हे पाहणे फार महत्त्वाचे असते, कारण क्वचित पिशवीत अंडाशयाऐवजी वृषण निघते आणि लैंगिक विकासातला जन्मजात फरक तिथेच प्रथम कळतो. शेवटी अडकलेल्या हर्नियाचे मूल. वायू भरल्याने आतले तोंड रुंदावते, आतडे आतून ओढून घेता येते आणि त्याला रक्त मिळते आहे का हे थोडे थांबून पाहता येते.

दुसऱ्या बाजूच्या उघड्या वाटेचे काय करायचे, यावर अजून मतभेद आहेत आणि यात घाई करणारी बाजू चुकते आहे. दुर्बिणीने पाहिले तर दर तीन मुलांत साधारण एकात दुसरी बाजू उघडी दिसते. प्रत्यक्षात पुढे त्या बाजूला हर्निया होणाऱ्या मुलांचे प्रमाण सातेक टक्केच आहे. दिसली म्हणून बांधली, या न्यायाने बहुसंख्य मुलांत कधी न होणाऱ्या आजारावर उपचार होतात आणि दुसऱ्या वीर्यवाहिनीजवळही सुई जाते. दुसरी बाजू बांधायला ठोस कारण हवे. बाळ कमी दिवसांचे असेल, दुसऱ्यांदा भूल देणे धोक्याचे असेल किंवा कुटुंब रुग्णालयापासून लांब राहत असेल, तर ते कारण होऊ शकते. यातले शेवटचे कारण परदेशी ग्रंथांत फारसे येत नाही. मराठवाड्यात ते सर्वांत वरचे ठरते.

मुरुड हे लातूर-बार्शी रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव आहे. इथे ग्रामीण रुग्णालय आहे. राज्याच्या मापात ग्रामीण रुग्णालय म्हणजे 30 खाटा. प्रसूती, ताप, साप-विंचू, अपघाताचे पहिले उपचार तिथे होतात. तान्ह्या बाळाला भूल देऊन हर्निया बांधणे हे त्या मापाचे काम नाही आणि ते तिथे होत नाही याबद्दल कोणाला दोष देण्याचेही कारण नाही. मुरुडच्या बाळाला त्यासाठी लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा खासगी बालशल्यचिकित्सकाकडे जावे लागते. नांदेड जिल्ह्यातल्या बाळासाठी विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शस्त्रक्रिया अशा मोजक्या ठिकाणी एकवटलेली राहणे मुलांच्या हिताचे आहे. तान्ह्या बाळाची भूल रोज देणारा हात आणि महिन्यातून एकदा देणारा हात सारखे नसतात. दुर्बीण तालुक्याला पोचवण्यापेक्षा बाळ जिल्ह्याला वेळेत पोचवणे जास्त जीव वाचवील.

वेळेचे महत्त्व या आजाराच्या स्वभावातच आहे. उतरलेले आतडे अरुंद तोंडाशी आवळले गेले की गाठ कडक आणि दुखरी होते, आत जात नाही, बाळ हिरवी उलटी करते, पोट फुगते. काही तासांत आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि शेजारच्या वृषणाचाही. वाचलेले वृषण पुढे सुकून जाणे ही या विलंबाची कायमची खूण ठरते. पहिल्या वर्षात हा धोका सर्वांत जास्त असतो. कॅनडातल्या 2008 च्या अभ्यासात दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये निदानानंतर 14 दिवसांहून अधिक थांबलेल्यांत हर्निया अडकण्याची जोखीम जवळपास दुप्पट दिसली. म्हणून तान्ह्या बाळाच्या हर्नियाला पुढच्या महिन्यात पाहू असे सांगता येत नाही. अडकलेला हर्निया बहुतेक वेळा हाताने परत बसवता येतो. बाळाला वेदनाशामक आणि गुंगीचे औषध देऊन, पायाकडची बाजू उंच करून, गाठ दोन बोटांत धरून सबुरीने, एकसारखा दाब द्यायचा असतो. आतडे आत गेले की सूज उतरायला एक-दोन दिवस देऊन मग शस्त्रक्रिया करतात. बाळ निपचित पडले असेल, पोट कडक झाले असेल, तर दाबू नये, तातडीने लातूरला हलवावे. मुरुडसारख्या रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाती हे कसब असणे लातूरला आणखी एक दुर्बीण येण्याइतकेच मोलाचे आहे.

कमी दिवसांच्या बाळांचा प्रश्न अवघड आहे आणि तो वाढतो आहे. नवजात शिशू अतिदक्षता कक्षांमुळे दीड किलोची, सव्वा किलोची बाळे आता जगतात, म्हणजे हर्नियाही अधिक दिसतो. अमेरिकेतल्या 39 रुग्णालयांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2024 साली आले. अशा बाळांची शस्त्रक्रिया कक्षातून घरी जाण्याआधी केली तर 28 टक्क्यांत गंभीर गुंतागुंत झाली. गर्भाचा काळ धरून 55 आठवड्यांचे वय होईपर्यंत थांबले तर ती 18 टक्क्यांत झाली. थांबणे बरे, असा त्याचा सरळ अर्थ. पण ती बाळे अमेरिकेतल्या घरी थांबली होती. रात्री दोन वाजता गाठ कडक झाली तर मुरुडच्या वाडीवरून लातूरला कसे जायचे, हे आधी ठरवल्याशिवाय तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. घरी सोडताना आईला गाठ ओळखायला शिकवणे, 108 क्रमांकाची गाडी, जवळच्या दवाखान्याचे नाव हे सारे त्या थांबण्याचाच भाग आहे.

पालकांच्या घरापर्यंत पोचणारी माणसे या भागात आहेत. आशा कार्यकर्ती जन्मानंतरच्या 42 दिवसांत बाळाला अनेकदा घरी पाहते, वजन करते, नाळ पाहते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. लंगोट सोडून, बाळ रडत असताना जांघ पाहणे या दोघांच्या रोजच्या कामात पक्के बसले, तर निदान महिन्यांनी अलीकडे येईल. गाठीवर पट्टा बांधणे, बाळाला रडू न देणे, मोठे झाले की आपोआप बसेल म्हणून वाट पाहणे हे उपाय आजही होतात. बेंबीचा हर्निया बहुधा आपोआप मिटतो हे खरे असल्याने हा समज जांघेच्या हर्नियालाही चिकटला आहे. जांघेतला हर्निया आपोआप बरा होईल असे धरून चालता येत नाही.

पैशाची अडचण पूर्वीइतकी आडवी येत नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते. लातूरसह उरलेले जिल्हे 21 नोव्हेंबर 2013 ला त्यात आले. 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. अशा योजनेत दर ठरवताना दुर्बिणीला वेगळा, चढा दर देणे मात्र धोक्याचे आहे. त्याने ज्या मुलाला चीर पुरेशी आहे त्याच्याही पोटात दुर्बीण जाईल. मोबदला भुलीच्या दर्जाला आणि वेळेत केलेल्या कामाला जोडलेला बरा.

मराठवाड्यात दिनदर्शिकाही शस्त्रक्रियेच्या निर्णयात येते. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीची कुटुंबे मुलांसह साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे मधेच परत येणे परवडत नाही. फडावरच्या कोपीत अडकलेल्या हर्नियाचे बाळ असेल तर त्याचे हाल विचारू नयेत. अशा कुटुंबातल्या मुलाची शस्त्रक्रिया पावसाळ्यातच व्हायला हवी आणि रांग लागली असेल तर त्याला पुढे घ्यायला हवे. मूल त्याच दिवशी घरी जाते, चार-पाच दिवसांत पूर्वीसारखे खेळते. या बाबतीत दुर्बीण आणि चीर यांत फरक पडत नाही.

शस्त्रक्रियेनंतर अंडकोशाची सूज काही आठवडे राहू शकते, तिला घाबरू नये. हर्निया परत यायचा असेल तर बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत येतो. सहा महिन्यांनी वृषणाचा आकार आणि जागा पाहावी लागते, कारण ते वर ओढले गेले असेल तर पुन्हा काम करावे लागते. ही तपासणी लातूरलाच झाली पाहिजे असे नाही. मुरुडच्या रुग्णालयात किंवा कारखान्याजवळच्या दवाखान्यातही ती होते. त्यासाठी आईच्या हाती मराठीत लिहिलेला एक कागद हवा: कोणती बाजू, चीर की दुर्बीण, दोरा विरघळणारा की कायमचा, दुसरी बाजू पाहिली का, उघडी दिसली का आणि उघडी असून बांधली नसेल तर तसे स्पष्ट.